कॉटरची विहीर, लोकसंख्या सेहेचाळीस

शप्पथ घेऊन सांगते मित्रांनो, आणि मोठ्यांदा सांगते, म्हणजे मागच्या रांगेत पेंगणाऱ्यांनाही ऐकू जाईल: यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या चारही बोल्टांची शप्पथ! त्यातले दोनच उरलेत, पण तुम्ही चारांची धरा. खोटं बोलले तर माझ्यावरची अक्षरं गळून पडोत. दोन आधीच पडलीत, पण ती उन्हानं.

मी एक जुनी पाटी आहे. गावाच्या वेशीवर असते ना, तसली. हिरवा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर पांढरी चमकती अक्षरं. गावाचं नाव, आणि खाली लोकसंख्या. माझा जन्म अमेरिकेतला, आणि तोही तुरुंगातला. हसू नका. तिकडे रस्त्यावरच्या पाट्या कैदी बनवायचे. ज्यानं मला कापलं त्यानं सासऱ्याचं अख्खं घर ओढत दुसऱ्या गावी नेलं होतं म्हणे, आत सासरा झोपलेला असताना. त्यानं मला चार भोकं पाडली. दुखलं का म्हणाल? नाही. पत्र्याला काय दुखणार! मला पहिल्यापासून काही वाटत नाही. ते एक बरं आहे.

मला उभं केलं एका गावाच्या तोंडाशी. गावाचं नाव कॉटर्स वेल. म्हणजे कॉटरची विहीर. अमेरिकेच्या अगदी मधोमध, जिथे नकाशा काढणाऱ्याचाही हात कंटाळतो, तिथे.

गाव वसलं कसं, ते ऐका. कॉटर नावाचा एक माणूस खेचराच्या गाडीत चुलीचे पाइप घालून पश्चिमेकडे निघाला होता. कुठे जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, खेचराला होतं. त्या जागी खेचर जे बसलं, ते उठेचना. कॉटरनं मारलं, विनवलं, कानात गाणं म्हटलं. नाही म्हणजे नाही. मग बसल्या जागी करायचं काय, म्हणून त्यानं विहीर खणायला घेतली. आणि लागलं की पाणी! इतकं गोड, की गावातल्या बायका कॉफीत साखर टाकत नसत. विहीर झाली, तिच्याभोवती घरं झाली, मग आगगाडी आली, धान्याचं उंच कोठार झालं, चर्च झालं, शाळा झाली. खेचर म्हातारं होऊन तिथेच मेलं. त्याला गावाचा संस्थापक म्हणायला हवं होतं, पण नाव लागलं कॉटरचं. असंच होतं.

मुलूख म्हणाल तर परातीसारखा सपाट. सोमवारी यायचा पाहुणा रविवारीच दिसायला लागायचा. बायका पाव भाजायच्या, गार करायच्या, कापूनसुद्धा ठेवायच्या, तरी तो आपला चालतोयच. वारा तर असा, की आज भुंकलेला कुत्रा उद्या शेजारच्या गावात ऐकू यायचा. गहू, आभाळ आणि मी. बस.

मला लावलं तेव्हा माझ्यावर आकडा होता तीनशे अठरा. तिकडे दर दहा वर्षांनी माणसं मोजतात. मोजून झाली की ओरिन नावाचा रस्तेवाला यायचा, जुना आकडा खरवडायचा, नवा लावायचा. मधल्या दहा वर्षांत कोण जन्मलं, कोण मेलं, मला पत्ता नाही. तिकडे माणूस मेला तरी पुढची मोजणी होईपर्यंत पाटीवर जिवंतच असायचा. ओरिनची बायको मेली तेव्हा त्यानं गाडी माझ्यापाशी थांबवली, उतरला, आकड्याकडे बघितलं, आणि परत गाडीत बसला. मोजणीला अजून सात वर्षं होती.

मग आकडा झाला दोनशे चार. शाळा बंद पडली. मग झाला त्र्याण्णव. पोस्ट बंद पडलं. आगगाडी थांबायची बंद झाली, नुसती शिटी मारून जायची. पोरांना करमेना, ती मला बंदुकीनं गोळ्या मारायची. माझ्यात तीन आरपार भोकं आहेत ती त्यांचीच. मला काही वाटलं नाही. शेवटी मोठा रस्ता दुसरीकडून काढला आणि ओरिननंच मला उतरवलं. त्या गावाकडे आता कुणी वळणारच नव्हतं, तर स्वागत कुणाचं करू?

भंगारवाल्यानं मला एका कंटेनरमध्ये जुन्या इंजिनांच्या मध्ये पाचर म्हणून ठोकलं. समुद्रात इंजिनं हलू नयेत म्हणून. दोन महिने काळोख. कंटेनर उघडला तेव्हा डोळ्यांवर असं ऊन आलं, की मला वाटलं पुन्हा तुरुंगाच्या भट्टीत घातलं.

ते होतं शारजाचं हमरिया. साल अठ्ठ्याण्णव.

तिथे बंदराजवळ फ्री झोन होता. कारखाने, गोदामं, जुन्या गाड्यांच्या भागांचे यार्ड. आणि झोनच्या कुंपणाबाहेर, वाळूतल्या एका वाटेच्या टोकाला, पोर्टाकेबिनची एक ओळ होती. यार्डांतली माणसं तिथे राहायची. त्या ओळीच्या सुरुवातीला वसंतराव आणि कुमुद या सांगलीकडच्या नवरा-बायकोची मेस होती. वसंतराव कणीक मळायचे, बाजार करायचे आणि गप्पा मारायचे. कुमुद बाकी सगळं करायची.

तिथली एकच अडचण होती. त्या जागेला नावच नव्हतं. पत्ता म्हणजे पोस्ट बॉक्सचा नंबर, आणि नंबरावरून कुणी जेवायला येत नाही. सगळं खुणांवर चालायचं. वसंतराव फोनवर सांगायचे, “पेट्रोल पंपानंतर तिसरं वळण, मग पुढे एक उंट बसलेला दिसेल, तिथून डावीकडे.” आणि उंट उठून जायचा! गॅस सिलिंडरवाला एकदा उंटामागून वळत वळत पार शेजारच्या अमिरातीत, उम्म अल कुवैनला पोचला. पाण्याचा टँकर चुकला की दोन-दोन दिवस भांडी वाळूनं घासायला लागायची.

टँकरवाला होता हारुन. पेशावरचा पठाण, दार उघडलं की आधी दाढी आत यायची, मग तो. राहायलाही त्याच ओळीत. तो एकदा भडकून आला आणि म्हणाला, “वसंतभाई, या तो ऊँट को बाँधो, या बोर्ड लगाओ!”

दुसऱ्या दिवशी वसंतराव यार्डात गेले. तिथे विली होता, वसईचा, यार्डाचा टाइमकीपर. मेसमध्येच जेवायचा. त्यानं मला इंजिनांखालून ओढून काढलं.

“काका, ही घ्या. रेडीमेड. पण फोरमन दहा दिरहम मागतो.”

“दहा दिरहम? म्हणजे शंभर रुपये! भोकं पडलेल्या पत्र्याला?”

“अहो, इम्पोर्टेड भोकं आहेत.”

शेवटी फोरमनला सुरमईचं कालवण आणि भात मिळाला आणि मी वाळूतून, डोक्यावरून, मिरवत आले. वाटेच्या तोंडाशी, मेसच्या दारापासून हाकेच्या अंतरावर, मला एका पाइपाला ठोकलं. दोन बोल्ट तिथे गेले.

शुक्रवार होता. वसंतरावांचा मुलगा यतीन दुबईतल्या देऱ्यात एका ट्रेडिंग ऑफिसात होता. तो, बायको आणि त्यांची नऊ वर्षांची स्वानंदी दर शुक्रवारी यायची. स्वानंदीनं मला वाचलं.

“Cotter’s Well. Population ninety-three. Ajoba, this is some other place!”

“वेल म्हणजे गं?”

“वेल म्हणजे... विहीर.”

वसंतराव हसत सुटले. “नावात विहीर आणि पाणी टँकरचं! झकास. हारुन, सुना? अपना गाँव का नाम, कुआँ!”

“माशाल्ला,” हारुन म्हणाला. “अब ऊँट की नौकरी खलास.”

“पण हे त्र्याण्णव काय?” वसंतराव म्हणाले. “इथे कुठे आहेत त्र्याण्णव? पहिल्या दिवशी खोटं नको.”

आतून, लाटणं न थांबवता, कुमुद म्हणाली, “एक्केचाळीस. माझ्या पोळ्यांना विचारा.”

विलीनं ट्रेलरवर लावायची चमकती पांढरी टेप आणली, आकडे कापले आणि माझ्यावर चिकटवले. एक्केचाळीस. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावरचा आकडा खरा होता. आणि तोही त्याच दिवशीचा.

मग ती रीतच पडली. टॅक्सीवाले म्हणायला लागले, “कुआँ जाना है? बैठो.” आणि माणूस आला की विली आकडा वाढवायचा, गेला की कमी करायचा. कुमुद सकाळी दारातून माझ्याकडे बघायची आणि तेवढ्यांची कणीक काढायची. तेवढीच ताटं मांडायची. नियम तिनंच घालून दिला होता. झालं काय, की एक केरळी पोरगा दोन महिने सुट्टीवर गेला आणि विली त्याचा आकडा काढायला निघाला.

“थांब रे,” कुमुद म्हणाली. “तो कॅन्सल होऊन गेलाय का?”

“नाही काकू, लीव्हवर आहे.”

“मग राहू दे. ज्याचा व्हिसा आहे तो मोजायचा. कॅन्सल झाला की वजा. रडारड नको आणि वशिला नको.”

आखातात असं आहे मित्रांनो, व्हिसा कॅन्सल झाला की माणूस त्या देशातून पुसला जातो. कालपर्यंत शेजारी जेवणारा आज विमानात. किती आले, किती गेले. मी त्रेचाळीस झाले, एकोणचाळीस झाले, बावन्न झाले. कुणी जाताना मला टपली मारायचं, कुणी माझ्यासोबत फोटो काढून घरी पाठवायचं. एकानं तर आईला कळवलं होतं, मी अमेरिकेत पोचलो. मी नाही बोलले काही. आणि हो, हे सगळं गोड मराठीत सांगतेय ते शिकले कुठे, असं विचाराल. कुमुदच्या दारात इतकी वर्षं उभी राहिले. ती हारुनशीसुद्धा मराठीतच बोलायची आणि त्याला समजायचं. मग मला का नाही?

दोन हजार तीन साल. पाटीवर सेहेचाळीस.

दुपारी जेवणं झाली. वसंतरावांनी हात धुतले, पंख्याखाली खुर्चीत बसले, म्हणाले, “कुमुद, आज मीठ बरोबर पडलं होतं.” ती म्हणाली, “रोजच पडतं.” त्यावर ते काही बोलले नाहीत. ते गप्प बसणारे नव्हते, म्हणून ती वळली.

ॲम्ब्युलन्स चुकली नाही. “कुआँ” म्हटल्यावर सरळ आली, माझ्यापाशी वळली, दारात थांबली. पाटी चांगली होती. तरी उशीर झाला.

दुबईच्या स्मशानात नेलं. सुतक म्हणजे आपल्यात घरची चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलंभात आणून देतात. पण इथे शेजाऱ्यांची चूलही तीच. विली आणि हारुन हॉटेलातून पार्सलं घेऊन आले. माणसं माना खाली घालून जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पार्सलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मला भांड्यांचा आवाज आला. कुमुदनं शेगडी पेटवली होती. ती रडली का? मी नाही पाहिलं. ती कणीक मळत होती. ते काम तिचं नव्हतं. मळत होती, मळतच होती. कणीक कधीच मळून झाली होती.

तिनं माझ्याकडे बघितलं. सेहेचाळीस. सेहेचाळीस ताटं मांडली. शेवटचं ताट पंख्याखाली. त्यावर दोन पोळ्या, भाजी, भात. जेवणं झाल्यावर ते ताट तसंच होतं. तिनं ते उचललं, झाकून ठेवलं, संध्याकाळी मांजरांना घातलं.

आठवडा गेला. विली टेप घेऊन माझ्यापाशी आला.

“विली,” ती दारातून म्हणाली, “काय करतोस?”

“काकू... ते...”

“त्यांचा व्हिसा कॅन्सल झालाय का?”

विली टेपशी चाळा करायला लागला.

“नाही ना? मग नियम काय आहे?”

विलीनं टेप खिशात घातली.

आता खरी गोम सांगते. कुमुदचा स्वतःचा व्हिसा नव्हता. तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिशाला टाचलेला. नवरा कॅन्सल झाला की ती आपोआप कॅन्सल. थोडे दिवस मुदत, मग मायदेशी. मेसचा परवाना होता अरबाबच्या नावावर. अरबाब म्हणजे तिथला स्थानिक मालक. तो येऊन बसला, चहा प्यायला, विलीला सांगितलं: तिला विचार, मेस चालवायची आहे का? चालवायची असेल तर तिच्या नावानं व्हिसा काढतो. पण आधी जुना कॅन्सल करायचा, नवऱ्याचा. तिनं सही करायची.

“शुक्रान,” कुमुदनं आभार मानले आणि चहाचा कप उचलून आत गेली. सही केली नाही.

शुक्रवारी यतीन आला. “आई, माझ्या पगारात तुझा व्हिसा बसत नाही. एका खोलीत आम्ही तिघं, पार्टिशनपलीकडे दुसरं कुटुंब. तू सांगलीला जा. सुहासिनीमावशी आहे तिथे.”

“सुहासिनीच्या घरी मी काय करू?”

“आराम कर.”

“तो कसा करतात?”

यतीननं कपाळाला हात लावला. “मग सही कर! दोन्हीपैकी काहीतरी कर. नुसतं थांबून राहता येत नाही, आई. मुदत संपली की तू इल्लीगल होशील.”

“बरं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे ऐकलं.”

ती चिडली नाही, ओरडली नाही. मी अमेरिकेतल्या थंडीत पाहिलंय, तळं गोठतं तेव्हा आवाज होत नाही. माणसं त्याच्यावरून चालतात, त्यालाही कळत नाही. तसं. मला तिचं काही नवल वाटलं नाही. मीही तशीच आहे. तीन गोळ्या आरपार, आणि हू की चू नाही.

स्वानंदी आता चौदा वर्षांची झाली होती. ती बाहेर येऊन माझ्या पाइपाला टेकून बसली. कुमुद टाकीवर पाणी भरायला आली.

“Aji, can I ask something?”

“विचार.”

“You always take off the number. For everybody. Even that Kerala uncle, the one who cried.”

“हो.”

“Then why not Ajoba?”

कुमुदनं नळ बंद केला.

“कारण ते ताट मांडते तेवढा वेळ,” ती म्हणाली, “मला पुढचं काम सुचतं.”

स्वानंदी उठली, आजीच्या हातातली बादली घेतली, आत नेली.

त्या दुपारी जेवायला सगळे बसले आणि गंमत अशी झाली, की एक बलुची ट्रकवाला त्या दिवसापुरता आलेला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. रिकामं ताट दिसलं, तो जाऊन पंख्याखाली बसला. सगळ्यांचे घास थांबले. हारुन अर्धा उठला. बलुची बिचारा भुकेला, मान खाली घालून जेवत होता. जेवला, बोटं चाटली आणि म्हणाला, “अम्माँ, नमक बराबर है.”

कुमुद वाढता वाढता थांबली. मग त्याला अजून एक पोळी वाढली.

“विली,” ती म्हणाली, “उद्या कुठे सही करायची ते सांग.”

सही झाली. वसंतराव कॅन्सल झाले. विलीनं माझ्यावर टेप लावली नाही, तिनं सांगेपर्यंत वाट बघितली. नवा व्हिसा हाती यायचा तर आधी देशाबाहेर जायला लागायचं. त्या वेळी सगळे किश नावाच्या इराणच्या बेटावर जायचे. विमानानं जायचं, हॉटेलात पडून राहायचं, व्हिशाचा कागद आला की परत. कुणाचा दोन दिवसांत यायचा, कुणाचा महिनाभर नाही. कुणाचा येतच नसे, आणि तो तिथूनच घरी. म्हणजे ती परत येईल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

निघताना ती माझ्यापाशी थांबली. डोक्याला रुमाल, हातात पिशवी, पिशवीत लाटणं. विली म्हणाला, “काकू, हॉटेलात लाटणं कशाला?” ती म्हणाली, “हाताला.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “विली, आता काढ.”

विलीनं सहा खरवडला, पाच लावला. पंचेचाळीस.

“यल्ला अम्माँ, चलो,” हारुननं हाक मारली. तो तिला टँकरमधूनच विमानतळावर सोडणार होता.

“इन्शाल्ला म्हण,” ती म्हणाली. “परत येईन असं म्हण.”

“इन्शाल्ला, अम्माँ.”

ती गेली. मग मेसमध्ये जे झालं ते विचारू नका. हारुननं कणीक मळली, ती फावड्यानं तोडायला लागली. विलीनं मटणात इतकी कोकमं टाकली, की कावळे लांबून वळून गेले. भात तर असा, की एकानं त्या भातानं केबिनची फट बुजवली, ती आजही बुजलेली आहे. माणसं जेवायची, माझ्याकडे बघायची, वाटेकडे बघायची. कुणी फोन करून विचारायचं नाही. उत्तर नको असलं की माणसं विचारत नाहीत.

आठवडा झाला असेल. संध्याकाळी हारुनचा टँकर वळला आणि पुढच्या सीटवर रुमाल दिसला. विली धावत बाहेर आला. “काकू! झालं?”

“झालं. माझ्या नावानं. कुक लिहिलंय.” तिनं पिशवी खाली ठेवली. “माझ्या चुलीचं काय केलंत?”

त्या दिवशी पोरांनीच स्वयंपाक केला होता. तिला हात लावू दिला नाही. माझ्यावरचा आकडा बघून ताटं मांडली, पंचेचाळीस. सगळे ओळीनं बसले. ताटं सगळी भरली. कुणी उरलं नाही, ताट उरलं नाही. आणि कुमुद भिंतीशी उभी.

“काकू, बसा ना,” विली म्हणाला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. “अरे, काकूंचं ताट कुठंय? कोण जास्त बसलंय?”

मोजलं. पंचेचाळीस ताटं, पंचेचाळीस माणसं. कुणी जास्त नव्हतं. विलीनं पुन्हा मोजलं. मग दारातून माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं. तो हळूच खाली बसला.

“काकू,” तो म्हणाला, “तुम्ही यात कधी नव्हताच?”

“कशात?”

“आकड्यात. पाच वर्षं. एक्केचाळीस म्हणालात, तेव्हाही स्वतःला धरलं नव्हतं.”

“मी मागून खाते,” कुमुद म्हणाली. “वाढणारी कशी मोजायची? पातेल्यात उरतं ते माझं.”

“आणि नाही उरलं तर?”

तिनं पदराला हात पुसले.

मित्रांनो, मीही तेव्हा मनात हिशेब लावला. मी अमेरिकेची पाटी, सरकारी पाटी, खरा आकडा सांगणारी म्हणून टेंभा मिरवणारी. सगळी पाच वर्षं मी एकानं खोटी होते, आणि खोटी होते ती हिच्याच बाबतीत. ती त्या दिवशी किशहून आली नसती, तर तिला माझ्यावरून वजा करता आलं नसतं. जिला जोडलंच नाही तिला वजा कसं करणार?

हारुन उठला. आपलं भरलेलं ताट त्यानं उचललं, पंख्याखाली ठेवलं, आणि स्वतः परातीतच भात घेऊन बसला. “बैठो अम्माँ.”

“मी—”

“बैठो.”

ती बसली. पंख्याखाली, त्या जागी. तिला कुणी वाढलेलं खाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हळूहळू खात होती, जणू घास कुठे ठेवायचा ते आठवत होती.

जेवण झाल्यावर विली टेप आणि ब्लेड घेऊन माझ्यापाशी आला, पण कापल्यावर सहाचा आकडा त्यानं तिच्या हातात दिला. “तुम्ही लावा.”

तिनं पाच खरवडला, सहा ठेवला, आणि अंगठ्यानं दाबला. पुन्हा दाबला. सेहेचाळीस.

“मीठ कमी होतं,” ती म्हणाली. आणि तिथेच, माझ्या पाइपाला धरून, ती रडायला लागली. विली शेजारी उभा राहिला. शहाणा पोरगा.

कुणी नवखा म्हणेल, यात काय झालं? आधी सेहेचाळीस, नंतर सेहेचाळीस. आकडा तोच. म्हणू दे. पत्र्याला काही वाटत नाही, हे मी तुम्हाला दहादा सांगितलंय. पण त्या अंगठ्याचा ठसा नंतरच्या टेपांखाली अजून आहे. ऊन चढलं की तेवढीच जागा वेगळी तापते.

आता मी म्हातारी झालेय. इथे रस्ते झाले, नंबर आले, पक्क्या इमारती आल्या. वाळूत अर्धी रुतून उभी आहे, टेपचे कोपरे सुटलेत. नवे ड्रायव्हर मला वाचत नाहीत, तरी जुने टॅक्सीवाले अजून “कुआँ” म्हणतात. कुमुदची मेस आहे. जाता-येता ती पदरानं माझ्यावरची धूळ पुसते, एवढंच माझं सौभाग्य. तुमच्या रस्त्यावर माझ्यासारखी कुणी वाकडी उभी दिसली तर तिला दगड मारू नका, जरा पुसा. आणि आज घरी जेवायला बसाल तेव्हा ताटं मोजा. मग वाढणारीकडे बघा. मग पुन्हा मोजा.

झालं. संपलं माझं. सगळं खरं.

असे काय बघताय? बरं बाई, बरं! एक गोष्ट मी पदरची घातली. बोल्टांची शप्पथ मला टोचतेय, म्हणून सांगते. कॉटरच्या विहिरीला पाणी लागलंच नव्हतं. थेंबभरसुद्धा नाही. खणून खणून त्याचे हात सोलले, खालून नुसती माती आली. ते गाव जन्मभर आगगाडीनं आलेल्या टाकीचं पाणी प्यायलं, तेही मचूळ. तरी कुणी उठून गेलं नाही, तीनशे अठरा होईपर्यंत वाढतच राहिलं. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

बाकी सगळं खरं आहे. उंट तर अगदीच खरा.